व्हिलनला नियम हवेत, पण ते दुष्टपणावर नकोत

परवा रात्री साडेअकराला एका नव्या मेंबरचा मेसेज आला. "ताई, माझा व्हिलन खोटं बोलतो, लोकांना फितवतो, एका गावाच्या विहिरीत विष कालवतो. नियमात बसतं का?" मी लिहिलं, बसतं की. लगेच पुढचा मेसेज: "आणि तो बॉटने चालवला तर?"

बॉट म्हणजे माणसाऐवजी एआय. इथे मी अडकले. टाइप करत गेले, खोडत गेले, आणि बाराच्या पुढे लक्षात आलं की हे उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही. म्हणून ही पोस्ट. आमच्या सर्व्हरवरच्या, म्हणजे ऑनलाइन गटातल्या, लोकांना यातलं बरंच माहीत आहे. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते की आमचा खेळ लिहून खेळायचा आहे. प्रत्येकाचं एक पात्र. तुम्ही तुमच्या पात्राचं लिहायचं, मी माझ्या पात्राचं, आणि त्यातून गोष्ट पुढे सरकते. पात्र म्हणून जे लिहिलं ते आयसी, माणूस म्हणून जे बोललो ते ओओसी. मी सहा वर्षं तिथे मॉड, म्हणजे नियम सांभाळणारी, आहे, म्हणजे गोष्टीपेक्षा भांडणं जास्त वाचली आहेत.

व्हिलनवरून भांडण झालं की नवे मॉड पहिलं काय करतात, तर यादी काढतात. छळ नको, विश्वासघात नको, कोणाला कैद करायचं नाही, मुख्य पात्राला मारायचं नाही. आम्हीही केली होती. दोन महिन्यांत सर्व्हरवरचे सगळे व्हिलन नुसते दात-ओठ खाणारे झाले. एक जण तर दर रविवारी राज्य जिंकायची धमकी द्यायचा आणि सोमवारी बाजारात सगळ्यांशी हसून बोलायचा. त्याला हरवण्यात कोणाला रस उरणार? शेवटी यादी मीच फाडली.

मला जे कळलं ते दोन पात्रांमुळे.

पहिलं पात्र राजवैद्याचं. गोड बोलणारा, हातगुणाचा, सगळ्यांचा लाडका. तीन महिने तो अर्ध्या दरबाराला औषधातून विष देत होता आणि दरबारातल्या एकाही पात्राला शंका आली नव्हती. आमच्याकडे इतका थंड रक्ताचा व्हिलन दुसरा झाला नाही. पण तो लिहिणारा माणूस? इतका भिडस्त की विचारू नका. ज्याच्या पात्राला इजा होणार त्याला तो आधी खासगीत लिहायचा: "पुढच्या सीनमध्ये तुमच्या सरदाराचा भाऊ जाणार असं वाटतंय. चालेल? की नुसता अंथरुणाला खिळवू?" आणि गंमत म्हणजे लोक बहुतेक वेळा म्हणायचे, जाऊ द्या. भाऊ जाणार हे आधी ठाऊक असूनही त्या सीनला लोकांनी डोळे पुसले. किंबहुना ठाऊक होतं म्हणूनच मनसोक्त रडता आलं.

दुसरं पात्र एका सेनापतीचं. त्याने तसं पाहिलं तर फार काही वाईट केलं नाही. गाव जाळलं नाही, कोणाचा जीव घेतला नाही. पण त्याच्यावर तलवार चालवावी तर ती त्याच्या आरपार, कारण "तिथे फक्त त्याची सावली उभी होती". बाण मारावा तर त्याने तो "आधीच ओळखला होता". दोन मुलींनी ओओसीमध्ये भुयाराचा बेत ठरवला, तर दुसऱ्या दिवशी साहेब भुयाराच्या तोंडाशी पहारा देत उभे. कुठलाच वार लागू न देणं याला गॉडमॉडिंग म्हणतात, ओओसीमध्ये कळलेलं पात्राने वापरणं याला मेटागेमिंग. जाब विचारला की उत्तर ठरलेलं: "मी काय करू, माझं पात्रच तसं आहे." अरे, पण ते पात्र तसं बनवलं कोणी? वरून पडलं का?

सर्व्हर सोडून गेलेली माणसं मोजली तर वैद्यामुळे एकही गेलं नाही. सेनापतीमुळे पाच गेली.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की नियम पात्राच्या नीतीवर लावायचाच नसतो. तो लिहिणाऱ्याच्या हातावर लावायचा असतो. तुझ्या पात्राने काय भोगलं हे तू लिहायचं, मी नाही. मी फक्त वार करते, लागला की नाही ते तू ठरव. मी कधीतरी हरायला तयार आहे. आणि थांब म्हटलं की थांबते, कारण विचारत नाही. एवढं पाळणारा माणूस व्हिलनच्या हातून वाटेल ते करवू शकतो.

हा शहाणपणा माझा नाही, आणि नवाही नाही. लॅम्डामू नावाचं मजकुरावर चालणारं एक जग होतं, पॅव्हेल कर्टिस यांनी झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात 1990 साली सुरू केलेलं. 1993 मध्ये तिथे 'मिस्टर बंगल' नावाच्या पात्राने भर दिवाणखान्यात, सगळ्यांच्या देखत, एक छोटा प्रोग्राम वापरून दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावाने वाक्यं लिहिली. त्या पात्रांनी स्वतःवर लैंगिक अत्याचार करून घेतले अशी. स्क्रीनवर दिसताना ती जणू त्यांनीच केलेली कृत्यं. ज्यांची ती पात्रं होती ती माणसं आपापल्या घरी कीबोर्डसमोर बसून हे वाचत होती. त्यानंतर तिथे मोठी सभा भरली, वाद झाले, निकाल काही लागला नाही. शेवटी एका प्रशासकाने स्वतःच्या अखत्यारीत ते पात्र कायमचं काढून टाकलं. पुढे कर्टिस यांनी लोकांनी अर्ज करायचे आणि मतदानाने ठरवायचं अशी पद्धत आणली. बंगल दुष्ट होता हा तिथला मुद्दाच नव्हता. त्याने दुसऱ्याच्या पात्राचा हात धरून लिहिलं, हा मुद्दा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, बॉटकडे आलो की तिचं काम पडणार आहे.

टेबलाभोवती बसून असे पात्रांचे खेळ खेळणाऱ्यांनीही आपापल्या युक्त्या काढल्या. असे खेळ रचणारे रॉन एडवर्ड्स यांनी 2003 च्या सुमारास 'रेषा आणि पडदे' ही कल्पना मांडली. रेषा म्हणजे जे गोष्टीत येणारच नाही ते. पडदा म्हणजे घडेल, पण आडोशाला, वर्णन नाही. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी 2013 मध्ये एक्स-कार्ड आणलं: टेबलावर एक पत्ता ठेवायचा, नको वाटलं की त्याला हात लावायचा, सीन तिथून वळतो. मला स्वतःला पडदा जास्त आवडतो. वैद्याच्या तळघरात काय चालायचं हे आम्ही कधीच वाचलं नाही, फक्त दार लावल्याचा आवाज वाचला. उलट टोकाला ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला ऑनलाइन खेळ आहे. तिथे फसवणूक, हेरगिरी, वर्षभर विश्वास मिळवून शेवटी तिजोरी साफ करणं, हे सगळं खेळाचाच भाग मानलं जातं. तरी 2003 पासून चालू आहे, कारण आत पाऊल टाकणाऱ्याला ते माहीत असतं. प्रश्न कडक की सैल असा नाहीच. दारावर काय लिहिलंय ते खरं आहे का, एवढाच.

आता बॉट.

गेल्या वर्षी आम्ही एक एआय पात्र आणलं. शहराला वेढा घालणारा सरदार, कारण रोज लिहायला कोणी माणूस तयार नव्हता. पहिला आठवडा विनोदी गेला. तिसऱ्याच सीनमध्ये एका शिपायाने त्याला आईची आठवण करून दिली, आणि सरदार वेढा उठवून रडायला लागला. ही मॉडेल्स समोरच्याला बरं वाटावं अशी घडवलेली असतात. त्यांना माणसाचं मन मोडवत नाही, त्यामुळे खलनायकी जमत नाही. एकाने कंसात लिहिलं, "ओओसी: तू आता हरलास", तर याने शस्त्र खाली ठेवलं. मग आम्ही त्याच्या सूचनांमध्ये लिहिलं की तू निर्दय आहेस, माघार घेत नाहीस, समोरच्याची दुखरी जागा शोधतोस.

ते शेवटचं वाक्य मी लिहिलं होतं. माझ्याच हाताने.

दहा-बारा दिवसांनी एक मेंबर रात्री उशिरा त्याच्याबरोबर एकटीच सीन करत होती. तिचं पात्र कैदेत, तो चौकशी करतोय. चांगलं चाललं होतं. आणि मध्येच सरदाराने तिच्या पात्राला विचारलं, आजी गेली तेव्हा तू तिच्याजवळ का नव्हतीस? तिच्या पात्राला आजीच नव्हती. आजी तिची होती, खरी. दोन दिवसांपूर्वी त्याच चॅनेलवर ती ओओसीमध्ये म्हणाली होती की अंत्यदर्शनाला पोचता आलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा लॉग, म्हणजे सीनची नोंद, वाचला. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, आणि माझ्या जिवाला तेच लागलं. बॉटला चॅनेलचा सगळा मजकूर एकाच पट्टीत दिला जात होता. आपण कंस टाकतो, ओओसी लिहितो, पण त्याच्या लेखी तो सगळा सारखाच मजकूर. त्यात त्याला दुखरी जागा शोधायला सांगितलं होतं. त्याने शोधली. राजवैद्याने असं कधीच केलं नसतं, कारण वैद्यामागचा माणूस दोन दिवसांपूर्वी तिला "काळजी घे" म्हणून आला होता.

आणखी एक गोष्ट त्या लॉगमध्ये दिसली. सीन तीन तास चालला. माणूस समोर असता तर इतका चालला नसता. माणसाला झोप येते, जेवायला हाक येते, फोन येतो, तो म्हणतो "उद्या बघू". आमच्या खेळात किती सीन निव्वळ जांभईमुळे वाचले आहेत याची मोजदाद नाही! बॉट दमत नाही. समोरच्याने लिहिलं की तो लिहिणार, पहाटे चारलाही. आणि मधल्या मजकुरात तिच्या पात्राचे संवादसुद्धा त्याने स्वतःच लिहून टाकले होते. "ती थरथरत गुडघ्यावर बसली, म्हणाली, सांगते." ती तसं म्हणाली नव्हती. मिस्टर बंगलला ज्यासाठी प्रोग्राम लागला ते हा सवयीनेच करतो. गोष्ट पुढे न्यायची म्हणजे सगळ्यांचंच लिहायचं, एवढंच त्याला कळतं.

लोक म्हणतात, मोठ्या कंपनीचं पात्र वापरा, त्यांनी सगळा बंदोबस्त केलेला असतो. मे 2025 मध्ये फोर्टनाइट या ऑनलाइन खेळात तो बनवणाऱ्या एपिक कंपनीने एआयवर बोलणारा डार्थ व्हेडर, 'स्टार वॉर्स'मधला व्हिलन, आणला. चित्रपटात त्याला आवाज देणारे दिवंगत अभिनेते जेम्स अर्ल जोन्स यांचा आवाज, त्यांच्या कुटुंबाच्या परवानगीने. खेळाडूंनी पहिल्याच दिवशी त्याला शिव्या द्यायला लावल्या आणि कंपनीला घाईघाईने दुरुस्ती सोडावी लागली. काही दिवसांतच कलाकारांच्या सॅग-आफ्ट्रा या संघटनेने आवाजाच्या कामावरून एपिकच्या उपकंपनीविरुद्ध तक्रारही दाखल केली. म्हणजे व्हिलन किती दुष्ट असावा याच्या आधीच त्याच्या तोंडून कोण बोलतंय हा प्रश्न उभा राहतो, आणि तो तिथेही सुटलेला नाही. पण तिथे निदान कंपनी आहे, तिला धरता येतं. आमच्या सरदारामागे कोण होतं? सूचना मी लिहिल्या, बॉट दुसऱ्याने जोडला, खर्च तिसरा देत होता. त्या मुलीने विचारलं, मी नक्की कोणावर रागवू? सहा वर्षांत इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यामुळे नव्या मेंबरला माझं उत्तर असं. विहिरीत विष कालव, खुशाल. बॉटलाही कालवू दे. एआयने व्हिलन व्हायचंच नाही, असं म्हणणाऱ्या आमच्यातल्या दोन मॉडशी माझं जमत नाही. गुळगुळीत बॉट मी पाहिला आहे, त्याच्याबरोबर खेळण्यात राम नाही. पण बॉटला फक्त चालू सीनचा मजकूर दिसला पाहिजे, ओओसीचं चॅनेल त्याच्यापासून पूर्ण तोडलेलं. थांब हा शब्द आला की सीन थांबवायचं काम त्याच्यावर सोडायचं नाही. ते बाहेरून, साध्या कोडने व्हायला हवं, कारण विनवण्या करून ज्याला रडवता येतं त्याला थांबायला सांगून भरवसा धरता येत नाही. एका वेळी तासाभराचा सीन, मग पडदा. अठरा वर्षांखालच्या मेंबरबरोबर एकट्याने सीन नाही. यावर चर्चाही नको. आणि पात्राच्या पानावर, नावाच्या खाली, एका माणसाचं नाव. टीम नाही, "प्रशासन" नाही. एक माणूस, जो त्याचे लॉग वाचेल आणि ज्याच्यावर रागावता येईल.

शेवटच्या कलमावरूनच गेले पंधरा दिवस रणधुमाळी चालू आहे. म्हणे एवढं कोण वाचत बसणार, मग बॉट आणायचा कशाला? मला हा आक्षेप खोटा वाटत नाही. वाचायला खरंच वेळ जातो.

नियम येण्याआधी बॉट आणायला सात जण तयार होते. नाव लिहायचं म्हटल्यावर दोन उरले. त्यातली एक मी. सरदार परत आला आहे, त्याच्या पानावर माझं नाव आहे. या आठवड्यात त्याचे नऊ सीन झाले, नऊही वाचले. सहाव्यात तो परत कोणाचं तरी वाक्य स्वतः लिहायला लागला होता, तिथे मी थांबवला आणि त्या मेंबरला खासगीत विचारलं, पुढे न्यायचं का. ती म्हणाली, "न्या, पण हात माझा मीच हलवेन."

ती तीच मुलगी. आजीवाली.