गिलाव्याआड काय गेलं?

पश्चिमेच्या भिंतीतल्या खिडकीच्या चौकटीभोवती बोटभर फट होती आणि तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. मी फटीकडे बोट दाखवलं, तसा साइटवरचा तरुण इंजिनिअर मला धीर देत म्हणाला, "ताई, काळजी नका करू. गिलावा झाला की काही दिसणार नाही."

ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आम्ही घर घेतलंय ती इमारत 'पर्यावरणपूरक' म्हणून बांधली जातेय. बुकिंग केल्यापासून दर पंधरा दिवसांनी मी साइटवर जाते. सुपरवायझरला आधी कळवते, हेल्मेट घालते, फोटो काढते, वहीत तारखेसकट लिहून ठेवते. मी या क्षेत्रातली नाही. आधी फक्त आपलं घर वर येताना बघायची हौस होती. मग एकेक गोष्ट विचारत गेले आणि लक्षात आलं, की इमारत खरंच पर्यावरणपूरक आहे का, हे ज्या गोष्टींवर ठरतं त्यातल्या बहुतेक भिंतीत, स्लॅबमध्ये नाहीतर जमिनीखाली जातात. ताबा घेताना त्यातलं काहीच दिसत नाही.

दिसतं ते गच्चीवरचं सोलर आणि बाल्कनीतली झाडं. माहितीपत्रकातल्या चित्रात तर प्रत्येक बाल्कनीत झाड आहे. मिलानमध्ये २०१४ साली पूर्ण झालेल्या 'बॉस्को व्हर्टिकाले'च्या दोन मनोऱ्यांपासून असं चित्र सगळीकडे दिसू लागलं. झाडं मलाही हवीत. पण ओली माती घनमीटरला दीड-दोन टन भरते. ते वजन पेलायला बाल्कनीचा स्लॅब जाड लागतो, लोखंड जास्त लागतं. मिलानच्या त्या झाडांची छाटणी दोरावर लटकून करावी लागते. आमच्या इमारतीत ती कोण करणार, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता काँक्रीटबद्दल. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून जास्त खुद्द चुनखडीच्या दगडातून सुटतो, बाकीचा इंधनातून. म्हणजे उद्या भट्टी स्वच्छ ऊर्जेवर चालवली तरी दगडातला वायू सुटणारच. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्क्यांच्या घरात आहे. हे कळल्यावर पहिल्या स्लॅबकडे बघताना पोटात कालवलं. आमच्या घरात एक दिवाही लागलेला नव्हता आणि त्याच्या वाट्याचा एवढा धूर आधीच होऊन गेला होता.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे: सिमेंटचा काही भाग काढून पोलाद कारखान्यातली दळलेली स्लॅग (धातू वितळवताना उरणारी मळी) किंवा औष्णिक वीजकेंद्रातली राख घालायची. आमच्या इमारतीच्या पायात स्लॅग घातली, ते मी काँक्रीटबरोबर आलेल्या चलनांवर वाचलं. पण असं काँक्रीट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, जास्त दिवस ठेवावं लागतं, क्युरिंगचं पाणी जास्त दिवस मारावं लागतं. पायाच्या वेळी कुणाला घाई नव्हती. मजले चढू लागले तशी ठेकेदाराला पुढच्या स्लॅबसाठी सेंटरिंगच्या प्लेटा लवकर मोकळ्या हव्या झाल्या आणि वरच्या मजल्यांसाठी स्लॅगचं प्रमाण गुपचूप कमी झालं. विचारलं तेव्हाच कळलं. मला याचा मनापासून राग आला आणि अजून आहे. ताकदीत खोट नाही, २८ दिवसांच्या क्यूब टेस्टचे (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद मोजतात त्याचे) अहवाल मी पाहिलेत. पण आम्हाला दिलेलं वचन ताकदीपुरतं नव्हतं. घर आठ-दहा आठवडे उशिरा मिळालं असतं तर मी आनंदाने थांबले असते. तसं आम्हाला कुणी विचारलंच नाही.

तळघराबद्दलही बोलायला हवं. पार्किंगचे दोन मजले जमिनीखाली आहेत. त्यासाठी किती खोदाई, किती जाड भिंती, किती काँक्रीट! अख्ख्या इमारतीतली सगळ्यात कमी पर्यावरणपूरक गोष्ट तीच, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ती आम्हा रहिवाशांच्या मागणीमुळेच झाली. प्रत्येकाला दोन गाड्यांची जागा हवी होती. आमच्याही घराची तीच मागणी होती.

तर ती फट. ॲल्युमिनियमची चौकट असेल तर तिच्या आतल्या आणि बाहेरच्या भागांमध्ये उष्णता अडवणारी पट्टी लागते, नाहीतर दुहेरी काच लावूनही उष्णता चौकटीतून वाट काढते. आमच्या चौकटींत ती पट्टी आहे, काचही चांगली आहे. पण चौकट आणि भिंत यांच्यामधली जागा नीट सील केली नाही, तर त्या भारी खिडकीचा बराचसा फायदा तिथूनच निसटतो. ऊन असो की थंडी, हवा फटीतून येतेच. जर्मनीत डार्मस्टाट इथे १९९१ साली पहिली 'पॅसिव्ह हाऊस' घरं उभी राहिली. त्या पद्धतीत दाराला पंखा बसवून घरात ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करतात आणि फटींतून किती हवा गळते ते मोजतात. तासाला घरातल्या हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त गळली तर घर नापास. अर्थात इतकं घट्ट घर असेल तर ताज्या हवेची वेगळी सोय करावी लागते, ती ते करतात. आमच्याकडे एवढी अपेक्षा कुणाचीच नाही. पण नकाशात खिडकीभोवती फोम आणि टेप स्वच्छ दाखवले होते, आणि त्या मजल्यावरच्या चोवीसपैकी अकरा खिडक्यांभोवती नुसता मसाला थापला होता किंवा काहीच नव्हतं.

इंजिनिअरवर माझा राग नाही. त्याला तारखा गाठायच्या असतात. चौकट बसवणारी टोळी वेगळी, गिलावा करणारी वेगळी, आणि फट दोघांच्या मध्ये. मी नकाशा आणि फोटो शेजारी शेजारी ठेवून मेल केला, आणखी सात कुटुंबांनी खाली नावं घातली. दहा दिवसांनी मसाला खरवडून फोम भरला, टेप लावली. हे आधी तपासायला कुणी का नव्हतं?

"पण सर्टिफिकेट आहे ना?" असं घरचेही विचारतात. आत्ता फलकावर आहे ते आराखड्यावर मिळालेलं आगाऊ प्रमाणपत्र, बांधलेल्या भिंतींचं नाही. अशी मूल्यांकनं नवी नाहीत. इमारतींना गुण देणारं ब्रिटनचं 'ब्रीअम' १९९० सालचं. तसंच अमेरिकेचं 'लीड', त्यात ११० पैकी ४० गुणांना प्रमाणपत्र आणि ८० ला प्लॅटिनम. सायकल स्टँडचेही गुण मिळतात आणि ऊर्जाबचतीचेही. कुठले मिळाले ते बिल्ल्यावर लिहिलेलं नसतं. तरी मी प्रमाणपत्राला नावं ठेवणार नाही. त्याच्यासाठी कागद जपून ठेवावे लागतात, आणि त्या कागदांमुळेच मला खिडकीचा नकाशा मागता आला. तुमच्या इमारतीला असा बिल्ला असेल तर गुणांचा तक्ता मागा. लाजू नका.

येत्या गुरुवारी सातव्या मजल्यावरच्या प्लंबिंगच्या डक्ट बंद होणार आहेत. फ्लशला शुद्ध केलेलं सांडपाणी आणि नळाला ताजं पाणी असे दोन वेगळे पाइप त्यातून जातात. गेल्या खेपेला पाहिलं तेव्हा दोन्ही एकाच रंगाचे होते, कशावर काही लिहिलेलं नव्हतं. पंधरा वर्षांनी गळती काढायला येणारा प्लंबर कुठला पाइप कुठल्याला जोडेल? मी सकाळी आठलाच जाणार आहे, रंगाच्या टेपची गुंडाळी बरोबर घेऊन. आमच्या इमारतीतल्या कुणाला यायचं असेल तर खाली लिहा. हेल्मेटं जास्तीची मागवून ठेवते.