अप्पांनी ‘हो’ म्हटले होते

संगणकात हेरगिरी करणारे प्रोग्राम चोरपावलांनी शिरतात, अशी एक समजूत रूढ आहे. आमच्याकडे मात्र असा प्रोग्राम राजरोस आला, स्वतःच्या अटी सविस्तर मांडून आणि अप्पांची रीतसर संमती घेऊन. अप्पा आमच्या सोसायटीचे सचिव आहेत. वार्षिक सभेच्या इतिवृत्ताची पीडीएफ फाईल वर्डमध्ये आणण्यासाठी त्यांनी कुठून तरी एक फुकटचा कन्व्हर्टर डाउनलोड केला आणि त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला, कोणाचे मन मोडू नये या संस्कारापोटी, ‘नेक्स्ट’ असे उत्तर दिले. या सौजन्याचे फळ म्हणून ब्राउझरला एक नवा टूलबार फुटला, होमपेज बदलले, संगणकाचा वेग वाढवून देतो म्हणणाऱ्या एका प्रोग्रामच्या कृपेने होता तो वेगही गेला, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून ‘तुमच्या संगणकात १३ व्हायरस आहेत’ अशी लाल पाटी घटकाघटकाला डोके वर काढू लागली.

‘‘अहो अप्पा, पण हो कशाला म्हटलंत?’’

‘‘त्यांनी विचारलं. नाही कशाला म्हणायचं?’’

१९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ हा पीसीवरचा पहिला मानला जाणारा व्हायरस लिहिला, तेव्हा त्यात स्वतःचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. भांडायला कुठे जायचे, एवढे तरी लागण झालेल्याला कळत होते. आता ती सोय उरलेली नाही.

असल्या प्रोग्रामचा सारा जीव बाहेर चहाड्या पोचवण्यात असल्यामुळे आधी इंटरनेट तोडायचे असते. ते फक्त संगणकापुरते तोडले तरी पुरते. परंतु मदतीला आलेल्या पहिल्या मजल्यावरच्या काकांनी थेट राउटरचाच प्लग उपटला, आणि स्वयंपाकघरात मोबाईलवर मालिका पाहणारी आई लाटण्यासह बाहेर आली. काकांचे संगणकशास्त्र विंडोज एक्सपीपाशी थांबलेले आहे. सेफ मोडमध्ये जाण्यासाठी संगणक सुरू होताना ते एफ-८ ची कळ तबल्याच्या लयीत बडवत राहिले. विंडोज ८ पासून ती युक्ती मुळातच बंद करून ठेवलेली आहे. आता शिफ्टची कळ दाबून धरून रीस्टार्ट म्हणायचे, ट्रबलशूटमधून स्टार्टअप सेटिंग्जपर्यंत पोचायचे आणि पुन्हा रीस्टार्ट झाल्यावर ४ हा आकडा दाबायचा, हे मी सांगितले तेव्हा ‘‘पूर्वीचं काही ठेवलंच नाही यांनी’’ असा निषेध काकांनी नोंदवला.

सेफ मोडमध्ये विंडोज फक्त अत्यावश्यक तेवढेच उठवते, त्यामुळे बहुतेक उपद्रवी प्रोग्राम झोपेत सापडतात. पडदा काळा झाला, चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ असे उमटले आणि अक्षरे टपोरी झाली. अप्पा पुढे सरसावून म्हणाले, ‘‘हेच राहू दे. चष्म्याशिवाय वाचता येतंय.’’

प्रोग्रामांची यादी तारखेनुसार लावली, तेव्हा कन्व्हर्टरच्याच दुपारी आलेली सगळी वरात एका खाली एक उभी होती. त्यांतला वेग वाढवणारा प्रोग्राम निघता निघेना. ‘काढा’ म्हटल्यावर डोळ्यांत पाणी आणलेला एक कार्टून चेहरा पुढे आला. त्याखाली ‘राहू द्या’ असे भलेमोठे हिरवे बटण होते आणि ‘काढून टाका’ ही अक्षरे भिंग लावून शोधावी इतकी पुसट. ‘‘राहू दे की बिचारं, काय खातंय?’’ अप्पा विरघळलेच होते. ते काय खाते हे टास्क मॅनेजरमध्ये आकड्यांनिशी दिसत असते. पण त्या चेहऱ्यापुढे आकड्यांचे काही चालेना. अखेर तो गेला. मग ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप उठवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये त्याने स्वतःच्या पुनर्जन्मासाठी करून ठेवलेली तरतूद आणि ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन्स निघाली. इंटरनेट जोडून विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, अद्ययावत केला, पूर्ण स्कॅन केला आणि शेवटी विंडोज उठण्यापूर्वीच झडती घेणारा ऑफलाइन स्कॅन लावला. त्याला साधारण १५ मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात काकांनी तीन वेगवेगळे अँटिव्हायरस एकदम बसवून घ्यावेत असे सुचवले. असे पहारेकरी चोर सोडून एकमेकांवरच वहीम घेतात, हे त्यांना पटवण्यात उरलेला वेळ गेला.

संगणक स्वच्छ निघाला, आणि उजव्या कोपऱ्यातून तीच लाल पाटी पुन्हा वर आली. काकांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले.

ती पाटी व्हायरसची नव्हतीच. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी असते, ती मी उघडली. तीत राशिभविष्य होते, पाककृती होत्या, शेअर बाजार होता, आणि रशियन लिपीतल्या एका संकेतस्थळालाही अप्पांनी उदारपणे ‘अलाऊ’ केलेले होते. ‘‘सूचना आलेल्या बऱ्या असतात,’’ हे त्यांचे सचिवपदाचे मत. पाटीवर एक टोल-फ्री नंबरही होता आणि अप्पा संध्याकाळी तिथे फोन करणार होते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. असल्या नंबरवर फोन करणाऱ्याकडून आधी पडद्याचा ताबा घेतला जातो आणि मग खात्यातल्या पैशांचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, हे मी त्यांच्या डायरीत लिहायला लावले.

ही डायरी अप्पांच्या सर्व पासवर्डांचे माहेर आहे. मी दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून, म्हणजे मोबाईलवरून, ते सगळे बदलायला बसलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘तुमचा तो हेर कपाटातली डायरी वाचतो का?’’ नाही वाचत. कळफलकावर टाइप केलेले मात्र टिपू शकतो. या एका मुद्द्यावर अप्पा सायबरतज्ज्ञांच्या बरोबरीने बसू शकतात, आणि त्यानंतर आठवडाभर ते तसे बसलेही.

शेवटचा इलाज मात्र त्यांच्या जिव्हारी लागला. मी त्यांचे खाते ॲडमिनिस्ट्रेटरवरून साध्या वापरकर्त्यावर आणले. बहुतेक नवे प्रोग्राम टाकायचे तर आता माझा पासवर्ड लागतो. ‘‘माझ्याच घरात मला परवानगी?’’ म्हणून ते दोन जेवणे अबोल राहिले. मग एके सकाळी संगणकाच्या कळफलकावर सोसायटीच्या लेटरहेडवरचा अर्ज आढळला. विषय : बुद्धिबळाचा खेळ बसविण्यास परवानगी मिळणेबाबत. त्यावर जावक क्रमांक होता, शिक्का होता, सोबत आईचे ना-हरकत पत्र जोडलेले होते, आणि तळाशी ‘सात दिवसांत उत्तर न आल्यास संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल’ असे लाल शाईने अधोरेखित केले होते.