भरीत सोडा, असं आमचे आबा कधी म्हणाले नाहीत

गुरूकडे योग शिकायचा म्हणजे मौन पाळायचं, उकडलेलं खायचं आणि घरदार विसरायचं, असं तुमच्या लेखात म्हटलंय. आश्रमात असेल तसं. आम्हाला योग शिकवणारे आबा मात्र तापीकाठचे शेतकरी. लाइट रात्रीची असली की केळीला पाणी भरून तसेच पहाटे शिकवायला येतात. उन्हाळ्यात साधना धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, सूर्य वर यायच्या आत. नंतर माती अशी तापते की पाय टेकवत नाही.

जेवणाचा त्यांचा नियम एकच. निम्मं पोट अन्नाला, पाव पाण्याला, पाव रिकामं. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि वांग्याचं भरीत समोर असताना तो पाव भाग रिकामा ठेवून बघा, मग शीर्षासनाचं काही वाटणार नाही! कोणी फार प्रश्न विचारले तर "आते उगामुगा बठ" (आता गुपचूप बस) एवढंच उत्तर. आमचं मौन ते एवढंच.

शिवाय नोकरी सांभाळून शिकणं इकडे खानदेशात नवं नाही. योगाचे अभ्यासक स्वामी कुवलयानंद अमळनेरला शिक्षणाच्या कामात होते, त्याच काळात ते गुजरातेत नर्मदाकाठी मालसरला योगी माधवदासजींकडे शिकले. त्यांची लोणावळ्याची योगसंस्था कैवल्यधाम त्यानंतरची, 1924 ची.

लेखात शुद्धिक्रिया, म्हणजे शरीर आतून साफ करायच्या क्रिया, मात्र दोन ओळींत उरकल्यात, ते खटकलं. जलनेतीला (पाण्याने नाक धुण्याला) कोमट पाणी आणि त्यात मीठ का, नंतर नाक कोरडं कसं करायचं, हे लिहायला हवं होतं. सूत्रनेतीला (नाकातून दोरा घालून तोंडातून काढण्याला) आबा अजून मेण लावलेला सुती दोराच वापरतात, आम्ही मेडिकलमधली रबरी नळी. तुमच्याकडे काय वापरतात?