बॉम्बे हाय दारात, मग बिल का चढतं?

पाइप गॅसचं बिल आलं की सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो: 'बॉम्बे हाय मुंबईच्या दारात. गॅस आपला, पळवला गुजरातने. जगात तेल उतरलं तरी आपलं बिल उतरत नाही. तुटवडाही मुद्दाम, भाव वाढवायला.' एकेक घेऊ.

'गॅस आपला.' बॉम्बे हाय हे समुद्रातलं तेल-गॅसचं क्षेत्र. दारात म्हणजे सुमारे १६० किलोमीटरवर. देशाची सागरी हद्द १२ सागरी मैलांवर, म्हणजे २२ किलोमीटरवरच संपते आणि समुद्रतळाचं खनिज घटनेच्या कलम २९७ नुसार केंद्राचं. गंमत म्हणजे गॅसवर राज्याचा हक्क सांगायला गेलं होतं ते गुजरातच. २००१ मध्ये त्यांनी स्वतःचा गॅस कायदा केला. राज्याला तो अधिकारच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सुनावलं.

'पळवला.' अर्धं खरं. वसईसमोरच्या बसीन क्षेत्राचा गॅस समुद्राखालून गुजरातेत सुरतजवळच्या हजिऱ्याला जातो, पण तो ऐंशीच्या दशकापासून. त्यातलं हायड्रोजन सल्फाइड, हा विषारी वायू, काढण्याचा प्रकल्प तिथे झाला आणि पुढे मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातल्या खत कारखान्यांपर्यंत वाहिनी गेली. बॉम्बे हायचा गॅस मात्र उरणला उतरतो.

'तेल उतरलं, बिल नाही.' मेसेजमधला हा एकच मुद्दा विचार करण्याजोगा. एप्रिल २०२३ पासून बॉम्बे हायसारख्या जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा भाव कच्च्या तेलाच्या पिंपाच्या भावाच्या १० टक्के, पण वर सुरुवातीला साडेसहा डॉलरचं झाकण (भाव एमएमबीटीयू या गॅस मोजायच्या एककाला). कागदावर मांडून बघा. तेल ८५ डॉलर असताना दहा टक्के होतात साडेआठ, मोजायचे साडेसहाच. तेल ७० वर आलं की होतात सात, तरी साडेसहाच. चढताना झळ लागली नाही, मग उतरताना फायदा कुठून दिसणार? झाकण बसायच्या आधी हा भाव ८.५७ डॉलर होता. बसलं तेव्हा मुंबईत सीएनजी एका फटक्यात किलोमागे ८ रुपयांनी उतरला. तो स्क्रीनशॉट ग्रुपवर आल्याचं मला तरी आठवत नाही. एप्रिल २०२५ मध्ये झाकण पाव डॉलरने वर सरकलं.

खरी गोम या स्वस्त गॅसच्या वाट्यात आहे. बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झालं १९७६ मध्ये. क्षेत्रं म्हातारी झाली. असलेल्यातून आधी घरगुती शेगडी, मग सीएनजी. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये सीएनजीचा या स्वस्त गॅसमधला कोटा लागोपाठ दोनदा कापला गेला. ती तूट भरायची नव्या विहिरींच्या गॅसने, जो तेलाच्या १२ टक्के भावाने मिळतो, नाहीतर जहाजाने येणाऱ्या एलएनजीने, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या गॅसने. देश वापरतो त्यातला जवळपास निम्मा गॅस बाहेरचाच. त्या नोव्हेंबरात मुंबईत सीएनजी २ रुपयांनी वाढून ७७ वर गेला.

'तुटवडा मुद्दाम.' नोव्हेंबर २०२५ मध्ये पंपांबाहेर रिक्षांच्या रांगा लागल्या, कारण आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात गेल या सरकारी गॅस कंपनीच्या मुख्य वाहिनीला इजा झाली आणि वडाळ्याच्या वितरण केंद्राला येणारा गॅस घटला. शहर एका नळावर किती अवलंबून आहे, याची काळजी करा, कटाची नको.

चिडायचंच असेल तर कराकडे बघा. सीएनजीवर केंद्राचं १४ टक्के उत्पादन शुल्क आहे. राज्याने २०२२ मध्ये व्हॅट साडेतेरावरून ३ टक्क्यांवर आणला, हे मान्य. पण नैसर्गिक गॅस २०१७ पासून जीएसटीच्या बाहेरच ठेवलाय. त्यावर मेसेजमध्ये एक ओळ नाही.