दुसरी गोळी लगेच सुटते हाच तर घोळ

लेखात सेमी-ऑटोमॅटिक स्पोर्टिंग रायफलचा मोठा फायदा सांगितलाय की पहिला नेम चुकला तरी बोल्ट (नवी गोळी नळीत आणायची दांडी) न ओढता दुसरी गोळी लगेच मारता येते, म्हणून शेतात रानडुकरांसाठी बेस्ट. अहो अमेरिकेत असंल तसं, आमच्या हिंगोली-जिंतूर साईडला रात्री तूर-हरभऱ्यात एकटं डुक्कर नसतंय, शेजारच्या धुऱ्यावर पण कुणीतरी बॅटरी घेऊन जागलीला बसलेलं असतंय. साध्या पॉइंट टू टूची (.२२ बोअरच्या छोट्या रायफलची) गोळी पण दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि आपल्याकडं जमीन सपाट, मागं गोळी अडवायला टेकाड नाही काही नाही, मग अंधारात घाईघाईत सुटलेली दुसरी गोळी कुणाला लागंल ते कोण सांगणार?

आणि मेन गोष्ट लेखात आलीच नाही, सेमी-ऑटो रायफल आपल्या आर्म्स ॲक्टमधी प्रतिबंधित प्रकारात येते, साध्या लायसन्सवर भेटतच नाही. पीक राखायला कायद्यात ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीची सोय हाय, पण लायसन्स हाय म्हणून डुक्कर-रोही (नीलगाय) मारायची मोकळीक नाही, त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. वरून इलेक्शन लागलं की बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस येते, डुकरं काय आचारसंहिता पाळतेत का! नेमबाजीचीच हौस असंल तर पॉइंट वन सेव्हन सेव्हनची (.१७७ बोअरची) हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल घ्या, छर्‍याची ताकद २० जूलच्या आतली असली तर लायसन्सची कटकट नाही.