म्हणे, भिंतीचा काय दोष?

नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सार असं: "ऑनलाइन जाहिरातीला भुलून फसलात तर दोष तुमच्या हावरेपणाचा. फेसबुक-गूगल नुसती भिंत. भिंतीवर कोणी पोस्टर चिकटवलं तर घरमालकाला धरता का? पेपरवालेही तेच करतात. कोट्यवधी जाहिराती तपासणार कोण? चोर पकडणं पोलिसांचं काम." खाली अंगठ्यांची रांग.

आधी भिंत. सीताबर्डीवरचं होर्डिंग येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सारखंच दिसतं. फेसबुकवर तसं नसतं. जाहिरातदार वय, शहर, आवडीनिवडी सांगतो. मग ती जाहिरात नेमकी कोणाच्या फोनवर उमटवायची हे कंपनीची लिलाव-यंत्रणा ठरवते आणि त्याचे पैसे कंपनी घेते. धरमपेठेतल्या निवृत्त अधिकाऱ्याला 'शेअर टिप्स' आणि त्याच्याच नातवाला 'घरबसल्या कमवा' दिसतं ते यामुळे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ मध्यस्थांना, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर पोचवणाऱ्या कंपन्यांना, त्या मजकुराच्या जबाबदारीतून संरक्षण देतं, पण अटी घालून. मजकूर कोणाकडे जाणार हे मध्यस्थाने निवडलेलं नसावं, ही त्यातलीच एक. चिकटवलेल्या पोस्टरचं भाडं घेणारी आणि ते कोणाला दाखवायचं हे ठरवणारी भिंत या अटीत कशी बसते बाप्पा? दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये, एका पॅकर्स-मूव्हर्स कंपनीच्या ट्रेडमार्कच्या वादात, गूगल आपल्या जाहिरात व्यवसायात सक्रिय सहभागी आहे असं म्हटलं. उल्लंघन ठरलं तर कलम ७९ची ढाल मिळणार नाही, असंही. तो वाद ट्रेडमार्कचा होता, फसवणुकीचा नव्हे. पण 'नुसती भिंत' हा बचाव तिथेच ढासळतो.

हाव म्हणाल, तर काही जण हावेपोटी फसतात, मान्य. पण बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधताना वर आलेल्या खोट्या नंबरला फोन लावणाऱ्याची हाव कसली? अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांचे बनावट व्हिडिओ करून गुंतवणूक योजना खपवल्या गेल्या, त्यावर पीआयबीला, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाला, खुलासे करावे लागले. खुद्द अर्थमंत्री सांगताहेत असं समजून विश्वास ठेवला, तर त्याला हाव म्हणायचं?

पेपरवाल्यांचं थोडक्यात. अंकावर मुद्रक, प्रकाशक, संपादकाचं नाव छापलेलं असतं, जाहिरात देणारा काउंटरवर नाव-पत्ता लिहून देतो. छोट्या जाहिरातींत तिथेही गडबडी होतात, पण कोणाचं दार वाजवायचं ते कळतं.

"तपासणार कोण?" हा मुद्दा वरकरणी वजनदार वाटतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने फेसबुकची मालक कंपनी मेटाच्या अंतर्गत कागदपत्रांवरून बातमी दिली. २०२४ च्या उत्पन्नातला सुमारे १० टक्के वाटा फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींचा असेल, असा अंदाज कंपनीतच बांधला होता. जाहिरातदार फसवा असल्याची किमान ९५ टक्के खात्री यंत्रणेला वाटली तरच बंदी. त्याहून कमी संशय असेल तर त्याच्याकडून जास्त दर. हा अंदाज ढोबळ आणि फुगलेला होता, असं मेटाचं म्हणणं. असेल. पण संशयिताला वेगळा दर लावायचा तर तो आधी ओळखावा लागतो, आणि ती ओळख पटतच होती. शिवाय राजकीय जाहिरातींसाठी २०१९ पासून ओळखपत्र मागितलं जातंच. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनेही २०२५ मध्ये आपल्याकडे नोंदणी असलेल्या दलाल-सल्लागारांना सांगितलं, की गूगल-मेटावर जाहिरात द्यायची तर सेबीकडे नोंदवलेल्याच ईमेल आणि मोबाइल नंबरने खातं उघडा, म्हणजे पडताळणी होईल. जमतं म्हणजे.

राहिले पोलीस. चोर त्यांनीच पकडायचा, यात वाद नाही. पण १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन जाईपर्यंत पैसे दुसऱ्यांच्या नावावरच्या, भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून पुढे सरकू लागलेले असतात, आणि जाहिरातीचं बिल कोणी, कशातून भरलं ही माहिती कंपनीच्याच नोंदीत. म्हणून तक्रार करताना नुसता 'फसलो' म्हणू नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पेजचं नाव आणि लिंक जोडा. राजकीय नसलेली जाहिरात आपल्याकडे बंद झाली की मेटाच्या जाहिरातींच्या सार्वजनिक संग्रहातूनही जाते, त्यामुळे हे काम फोन लावता लावताच उरका.