आईंचा सूर बरोबरच होता: आमच्या स्टुडिओकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आईंनी गायलेलं कानबाई देवीचं गाणं चिरकं आलं, मागच्या संगीताचा 4 मिनिटांचा ट्रॅक दिला तर गाणं 3 मिनिटं 40 सेकंदांतच संपलं, वर आमचा रेकॉर्डिंग करणारा मुलगा त्यांना म्हणाला, ‘मावशी, तुमचा सूर उतरतोय.’ माइक भंगार, पैसे पाण्यात, असंही तुम्ही लिहिलंय.

सकाळी स्टुडिओ उघडल्या उघडल्या तुमचा प्रोजेक्ट काढून बसलो. आईंचा सूर उतरत नव्हता. आमचा ट्रॅकच चढलेला होता.

तुमच्या पेनड्राइव्हवरचा ट्रॅक 44,100 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 44,100 तुकडे, त्यांना सॅम्पल म्हणतात. आमचा प्रोजेक्ट 48,000 वर राहिलेला, कारण आदल्या दिवशी लग्नाच्या व्हिडिओचं काम होतं आणि व्हिडिओला 48 लागतं. फाइल आत घेताना सॉफ्टवेअर विचारतं, रेट बदलून घेऊ का? मुलाने घाईत ‘नको’ दाबलं. मग सेकंदाला 44,100 सॅम्पल वाजायचे, तिथे 48,000 वाजू लागले. तुमचे 20 सेकंद तिथेच गेले, आणि पट्टी जवळपास दीड अर्धस्वर वर गेली. म्हणजे पेटीच्या काळी 3 पट्टीचं गाणं पांढरी 5 आणि काळी 4 यांच्या मधोमध लटकलं. पेटीवर अशी पट्टीच नाही, म्हणून त्या दिवशी पेटीवाले दादाही चाचपडत होते. तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवं होतं.

टेम्पोनेही, म्हणजे लयीच्या वेगानेही, इशारा दिला होता. तुमच्या पाकिटावर मिनिटाला 96 ठोके लिहिलेले. संबळचा लूप त्यावर बसेना, म्हणून मुलाने टॅप करून 104.5 केला आणि पुढे गेला. 96 ला 48 ने गुणा, 44.1 ने भागा, बरोबर तेवढेच येतात. आकडा जुळत नाही तर का जुळत नाही, हे न बघता त्याने तो जुळवून टाकला. मी समोर असूनही थांबवलं नाही, ही चूक माझी.

आणि आई? पहिला टेक मी आज हेडफोन लावून तीनदा ऐकला. पहिलं कडवं त्या आपल्या घरच्या सुरात, काळी 3 मध्येच गातायत. ट्रॅक वर पळतोय तरी त्या हललेल्या नाहीत. आम्ही टोकलं, मग त्यांनी ओढून वरचा सूर लावला, आणि चिरकेपणा तिथून आला. माइकचा यात दोष नाही, तो ठीक आहे.

आहे तेच रेकॉर्डिंग खालच्या पट्टीत उतरवून देणं सोपं आहे, पण मी ते करणार नाही. उतरवल्यावर आईंचा आवाज जड, पुरुषी होतो आणि ओढून गायलेलं तसंच ओढलेलं ऐकू येतं. गाणं पुन्हाच करू, एक पैसा न घेता. पहिले पैसेही परत देतो. अमळनेरहून जळगावला येण्या-जाण्याची गाडी आमच्याकडून. कानबाई बसायच्या आधी कधीही सांगा, त्या दिवशी दुसरं काम घेणार नाही.

मुलाने आईंची माफी फोनवर नाही, समोर येऊन मागायची आहे. मीही सोबत असेन. माय, चूक आमनी शे.